ऊन एकच, हवा दोन: मुंबईचा किनारा आणि होसकोट्याचे पठार

भारताच्या द्वीपकल्पात ऊन कुणाला शोधत जावे लागत नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, बेंगळुरूच्या पूर्वेचे होसकोटे १३ अंशांवर. दोन्ही ठिकाणी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. मुंबईत हा शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतो, होसकोट्यात एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या मध्यानंतर. म्हणून समुद्रकाठच्या उन्हाच्या शहरात राहण्याचे फायदे-तोटे मोजताना ऊन बाजूला ठेवता येते. फरक पाडतो तो समुद्र. आणि समुद्र माणसाच्या रोजच्या जगण्यात काय घालतो व काय काढून घेतो, हे नीट कळायचे तर तेच ऊन असलेले पण समुद्र नसलेले गाव शेजारी ठेवून पाहावे लागते. होसकोटे असे गाव आहे.

बेंगळुरू ग्रामीण जिल्ह्यातले हे तालुक्याचे ठिकाण बेंगळुरूपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, कोलार-चेन्नईकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. समुद्रसपाटीपासून उंची ९०० मीटरच्या आसपास. जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचा, तोही अडीचशे किलोमीटरवर. पश्चिमेचा अरबी समुद्र त्याहून लांब. मराठी माणसाला हे नाव इतिहासातून ओळखीचे असायला हवे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतल्यावर शहाजीराजांच्या वाट्याला जी जहागीर आली, तीत बेंगळुरू, कोलार, दोड्डबल्लापूर आणि शिऱ्याबरोबर होसकोटेही होते. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये, पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, हैदर अलीने इंग्रजांच्या बाजूने असलेल्या मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्रीचा छापा घातला तो याच गावाजवळ. आज इथे व्होल्वोचा ट्रक कारखाना आहे, मोठाली गोदामे आहेत, बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्गाची सुरुवात आहे. आणि बेंगळुरूतल्या व्हाइटफील्डच्या कंपन्यांत नोकरी करणारी कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात इथवर पोहोचू लागली आहेत. मुंबई-ठाण्याहून किंवा कोकणातून आलेल्या कुटुंबाला इथला पहिला उन्हाळा चकित करतो, कारण थर्मामीटरवरचा आकडा ओळखीचा असतो आणि अनुभव अगदी अनोळखी.

आकडे पाहू. बेंगळुरूत सर्वात तापलेला महिना एप्रिल. त्या महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या जवळपास. मुंबईत मे महिन्याचे कमाल तापमानही साधारण तेवढेच, ३३ ते ३४ अंश. दुपारी दोन वाजता दोन्हीकडची बातमी सारखीच असते. पण रात्री बेंगळुरूचा पारा बाविसापर्यंत उतरतो, तर मुंबईचा सत्ताविसाच्या आसपासच अडकून राहतो. दुपारच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता बेंगळुरूत एप्रिलमध्ये तीस-पस्तीस टक्के असते. मुंबईत मे महिन्यात ती त्याच्या दुप्पट असते. घरात पंखा पुरेल की एसी लागेल, रात्री झोप लागेल की उशी भिजेल, हे या दोन आकड्यांवर ठरते.

उंचीचा हिशेब सरळ आहे. जमिनीपासून वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. होसकोटे समुद्रसपाटीवर असते, तर १३ अंश अक्षांशावर त्याची अवस्था चेन्नईसारखी झाली असती. नऊशे मीटरच्या उंचीने त्याला पाच-सहा अंशांची सूट दिली आहे. कोरड्या हवेचे काम वेगळे. माणसाचे शरीर उन्हाळ्यात स्वतःला थंड ठेवते ते घामाने, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर पाणी आणि क्षार गमावत राहते, थंडावा मात्र मिळत नाही. किनाऱ्यावरचा उकाडा म्हणतात तो हा.

हवामान खात्याने हा फरक आपल्या नियमातच धरला आहे. मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीच्या ठाण्यांसाठी ही मर्यादा ३७ अंश आहे. तीन अंशांची ही तफावत आर्द्रतेची आहे. ती किती जीवघेणी ठरू शकते हे १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला दिसले. उघड्या मैदानावर भर दुपारी लाखोंचा सरकारी पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. त्या दिवशी पारा अडतीसच्या आसपास होता, चाळिशीलाही पोहोचला नव्हता. विदर्भातल्या ४५ अंशांच्या बातम्या वाचणाऱ्यांना अडतीस हा आकडा साधा वाटतो. खाडीकाठी तो साधा नसतो. किनाऱ्यावरच्या शहरांत सभा, शाळा, बांधकामाच्या पाळ्या यांची वेळ नागपूरच्या मापाने ठरवणे चुकीचे आहे, आणि खारघरनंतर तरी हे वादातीत मानले जायला हवे.

समुद्र ज्या हवेत बाष्प भरतो त्याच हवेला वाहतेही ठेवतो. शाळेच्या भूगोलात सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे शिकलेले असतात. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा आत शिरते. रात्री उलटे होते. मुंबईत दुपारी खारे वारे सुटले की पारा वर चढायचा थांबतो. ते उशिरा सुटले तर काय होते, याचा दाखला मार्च महिन्यात कधीकधी मिळतो. पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असतात, समुद्राची हवा दुपार उलटेपर्यंत आत येत नाही आणि मुंबई एकाएकी चाळिशीला टेकते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली ती अशाच दिवसांतली. म्हणजे मे महिन्यात मुंबई चौतिसावर राहते त्याचे श्रेय समुद्राला आहे. हिवाळ्यात तोच समुद्र उलट काम करतो, थंडी बोचरी होऊ देत नाही. मुंबईकराच्या कपाटात स्वेटर असतो तो प्रवासासाठी.

या वाऱ्याचा आणखी एक उपकार हवेच्या स्वच्छतेचा. शहराचा धूर आणि धूळ समुद्राच्या वाऱ्याने पांगते. हिवाळ्यात वारा मंदावला की मुंबईची हवा बिघडते, आणि वर्षातले बाकीचे महिने समुद्राने किती सांभाळून घेतले होते ते तेव्हा कळते. मात्र हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या उंच इमारतींच्या मागच्या चाळीत, कुर्ल्या-गोवंडीच्या दाट वस्तीत, पत्र्याच्या घरात तो वारा पोहोचतच नाही. तिथे किनाऱ्याची आर्द्रता तेवढी वाट्याला येते.

होसकोट्याच्या हवेचे गुण रात्री कळतात. मे महिन्यातही पहाटे पांघरूण ओढावेसे वाटते. मार्च ते मे या काळात अधूनमधून वळवाच्या सरी येतात. आंब्याच्या दिवसांत येतात म्हणून त्यांना आम्रसरी म्हणतात, आणि एका संध्याकाळच्या पावसाने दोन-तीन दिवसांचा उन्हाळा धुऊन निघतो. डिसेंबर-जानेवारीत धुके इतके दाट उतरते की बेंगळुरूच्या देवनहळ्ळी विमानतळावरची पहाटेची उड्डाणे खोळंबतात. पण या हवेला दोष नाहीत असे नाही. उंचीवर हवेचा थर पातळ असल्याने अतिनील किरणे जास्त पोहोचतात, दर किलोमीटरमागे साधारण दहा टक्क्यांनी. हवा थंड लागते म्हणून माणूस उन्हात जास्त वेळ थांबतो आणि कातडी करपते ते संध्याकाळी कळते. लाल मातीची धूळ घरभर असते. गाजरगवत माळोमाळ माजलेले आहे. त्याच्या परागकणांनी शिंका, दमा, अंगावर खाज हे बेंगळुरू परिसरातले नेहमीचे दुखणे आहे, आणि किनाऱ्यावरून आलेल्या माणसाला ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाठू शकते. शिवाय हे हवामान पूर्वीसारखे राहिलेले नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी बेंगळुरूत ३९.२ अंश तापमान नोंदले गेले. पंख्याशिवाय उन्हाळा काढणारे बेंगळुरू आता जुन्या माणसांच्या आठवणीत उरले आहे.

ऊन भरपूर म्हणून हाडे बळकट, हा समज दोन्हीकडे खोटा ठरतो. ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी त्वचेवर सरळ ऊन पडावे लागते. काचेतून अतिनील किरणांचा हवा तो भाग आत येत नाही. सकाळी अंधारात निघून रात्री परतणारा मुंबईचा चाकरमानी आणि दिवसभर काचेच्या इमारतीत बसणारा व्हाइटफील्डचा अभियंता, दोघेही उन्हाच्या देशात राहून उन्हाला पारखे असतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतभर आढळते ती यामुळेही.

किनाऱ्यावरचा सर्वात मूक शत्रू म्हणजे मीठ. लाटा फुटताना उडणारे खारट कण वाऱ्याबरोबर आत येतात आणि भिंतींवर, खिडक्यांच्या गजांवर, एसीच्या बाहेरच्या यंत्रावर बसतात. सिमेंट काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून क्षार आत उतरले की आतल्या सळईला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो; काँक्रीटला आतून फोडून पोपडे पाडतो. मुंबईच्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडणे, छज्जा कोसळणे, खांबांना तडे जाणे यामागे हलक्या बांधकामाइतकाच खाऱ्या हवेचाही हात असतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घराच्या किमतीत दर काही वर्षांनी येणारा दुरुस्तीचा खर्च धरलाच पाहिजे. जुन्या कोकणाने हे ओळखले होते. जांभ्याचा चिरा, लाकडी वासे, उतरते कौलारू छप्पर आणि पावसाआधीची शाकारणी, या रचनेत गंजण्यासारखे फारसे काही नव्हतेच. होसकोट्यात या मिठाची भीती नाही. पन्नास वर्षांचा लोखंडी दरवाजा तिथे रंगाच्या एका हातावर टिकतो. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येत नाही, पापड सादळत नाहीत, कपडे दोरीवर लवकर वाळतात. गृहिणीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

पावसाचे प्रमाण पाहिले तर दोन वेगळे देश वाटावेत. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बेंगळुरूत वर्षभरात हजाराच्या थोडा आत, होसकोट्याकडे आठशेच्या आसपास. तोही नैऋत्य आणि ईशान्य अशा दोन मोसमी वाऱ्यांत वाटलेला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. होसकोट्यात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस मुंबईच्या उपनगरांवर एका दिवसात कोसळला होता. त्या पुराने राज्यात हजारावर माणसे गेली, आणि पुराच्या पाण्यात चाललेल्यांमध्ये मागाहून लेप्टोस्पायरोसिस पसरला. किनाऱ्यावर अशा पावसाचे संकट दुप्पट होते ते भरतीमुळे. मोठ्या उधाणाला समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडांपेक्षा वर येते. तेव्हा शहरातले पाणी बाहेर जात नाही, उलट समुद्रच आत येऊ पाहतो. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशने यासाठीच उभारावी लागली. मिठी नदीचे पात्र आणि खारफुटी यांना मोकळे ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय होता, तो शहराने वेळेवर केला नाही.

त्यात आता चक्रीवादळांची भर. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा तासाभरात आडव्या झाल्या. पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात; तेवढी वर्षे त्या घरांचे उत्पन्न थांबले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले. पठार या संकटापासून दूर आहे. पुरापासून मात्र नाही. ५ सप्टेंबर २०२२ रोजी बेंगळुरूत १३१.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मुंबईच्या २६ जुलैच्या पावसाच्या सातव्या हिश्श्याइतका, आणि तेवढ्यावर बेल्लंदूर व बाह्य वळणरस्त्याचा परिसर बुडाला. संगणक कंपन्यांचे कर्मचारी ट्रॅक्टरवर बसून कामाला गेले. नऊशे मीटर उंचीवर, समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना शहर बुडते, याचे कारण तलावांच्या साखळीत सापडते. ती साखळी समजल्याशिवाय होसकोटे समजत नाही.

या पठारावर बारमाही मोठी नदी नाही. नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी होसकोट्यावरून पुढे तमिळनाडूत जाते, पण ती पावसाच्या जोरावर वाहणारी. म्हणून शतकानुशतके इथल्या लोकांनी उतारावर बांध घालून तलाव केले. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्यात. कन्नडमध्ये तलावाला केरे म्हणतात, आणि गावांच्या नावांत तो शब्द जागोजाग आढळतो. होसकोट्याचा मोठा तलाव याच व्यवस्थेतला. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला बेंगळुरूहून माणसे पहाटे येऊन थांबतात. या साखळीतला एक ओढा बुजवला की खालचा तलाव कोरडा पडतो आणि वरचे पाणी घरांत शिरते. बेंगळुरूने तेच केले. टंचाई आणि पूर ही दोन्ही एकाच चुकीची फळे आहेत.

तलाव आटले तसे लोक बोअरवेलकडे वळले. गावाकडच्या विहिरी आधी कोरड्या पडल्या, मग दोनशे फुटांच्या बोअर, मग पाचशेच्या. आता कोलार-होसकोटे पट्ट्यात हजार फुटांच्या पुढे जावे लागते आणि तरी पाणी लागेलच याची खात्री नाही. खालचा खडक ग्रॅनाइटसारखा कठीण. पाणी साठते ते त्याच्या भेगांत. भेग रिकामी झाली की संपले. इतक्या खोलवरचे पाणी जडही असते, आणि कोलार जिल्ह्यात त्यात फ्लोराइडचे प्रमाण धोक्याइतके आढळते. माळरानांवर लावलेल्या निलगिरीच्या झाडांनी जमिनीतला ओलावा शोषला, म्हणून कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. उशीर झाला होता, तरी निर्णय योग्य होता.

मुंबईला याबाबतीत भूगोलाने मोठी मदत केली आहे. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या जलाशयांतून शहराला दररोज ३,८०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळते, आणि सह्याद्रीच्या पायथ्यापासून बहुतांश पाणी उताराने वाहत येते. शहर खाली, पाणी वर. बेंगळुरूचे नेमके उलटे आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणावे लागते. ज्या उंचीने हवा थंड केली तीच उंची पाण्याच्या प्रत्येक थेंबाला विजेचा खर्च लावते. पठारावरच्या सुखाची किंमत कुठे दडली आहे हे पाहायचे असेल तर ते इथे दिसते. १९७४ पासून टप्प्याटप्प्याने वाढत आलेल्या या योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, दिवसाला ७७५ दशलक्ष लिटरचा, महानगराच्या कडेच्या ११० गावांसाठी. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बेंगळुरूतल्या सुमारे १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी निम्म्या आटल्याचे सरकारने सांगितले होते. होसकोटे या महानगर हद्दीबाहेर आहे. तालुक्याचा भार आजही मुख्यतः जमिनीखालच्या पाण्यावर आणि टँकरवर.

बेंगळुरूने शेजारच्या कोरड्या तालुक्यांना दिले ते आपले सांडपाणी. कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातले प्रक्रिया केलेले ४४० दशलक्ष लिटर पाणी रोज कोलारच्या तलावांत सोडण्याची योजना जून २०१८ मध्ये सुरू झाली. मध्ये काही महिने ती न्यायालयात अडली आणि पुन्हा चालू झाली. तलाव भरले, आसपासच्या बोअरचे पाणी वर आले, टोमॅटो आणि रेशमाची शेती पुन्हा उभी राहिली. पण पाण्यावरची प्रक्रिया दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होते. ते जमिनीत मुरून पिण्याच्या पाण्यात मिसळते, तेव्हा तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करावी ही स्थानिकांची मागणी रास्त आहे. महाराष्ट्रातही याच जातीचा अन्याय आहे. मुंबईची तहान भागवणाऱ्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. मोठे शहर किनाऱ्यावर असो वा पठारावर, पाणी कुणाच्या तरी दारावरून आणते.

भरपूर पाऊस म्हणजे भरपूर पाणी असेही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्या कोरड्या होतात, कारण जांभा सच्छिद्र आहे, उतार तीव्र आहे आणि पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून जास्त उपसा केला तर खारे पाणी आत शिरते. उलट समुद्राजवळच्या शहराला शेवटचा एक मार्ग उरतो, तो समुद्राचेच पाणी गोडे करण्याचा. चेन्नईत मिंजूर आणि नेम्मेली येथे असे प्रकल्प उभारले गेले, मुंबईत मनोरीला ठरला आहे. हा मार्ग महाग आहे, पण आहे. होसकोट्याला तो नाही.

म्हणून पठाराची नजर आता थेट समुद्राकडे जाणाऱ्या पाण्यावर आहे. पश्चिम घाटातून नेत्रावतीमार्गे मंगळुरूच्या समुद्राला मिळणारे पावसाळी प्रवाह अडवून, उपसून, कालव्याने पूर्वेकडे नेणारी येत्तिनहोळे योजना २३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली आहे. तिचा पहिला टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सकलेशपूरजवळ सुरू झाला. कोलार, चिक्कबल्लापूर आणि बेंगळुरू ग्रामीण या जिल्ह्यांना पिण्याचे पाणी देणे हा तिचा हेतू. मंगळुरूकडच्या लोकांचा तिला विरोध आहे. नदीचे गोडे पाणी घटले तर खाडीत खारेपणा वाढेल, मासळी घटेल ही त्यांची भीती निराधार नाही. किनारा आणि पठार हे एकमेकांपासून वेगळे प्रदेश आहेत असे मानण्याचे दिवस या योजनेने संपवले.

खाण्यापिण्यात किनारा सोडणाऱ्याला तोटा जाणवतो तो मासळीचा. ताजा बांगडा, सुरमई, मांदेली यांची चव बर्फातल्या मासळीला येत नाही. तरी होसकोट्याची एक सोय आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. दोन्ही बाजूंनी माल येणाऱ्या पठाराला बहुतेक काळ एक तरी किनारा खुला असतो. मुंबई-कोकणात त्या काळासाठी आगोटीलाच सुके बोंबील आणि सुकट भरून ठेवावी लागते. बाकी बाबतींत पठार उणे नाही. बेंगळुरू ब्लू द्राक्षांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ती याच पट्ट्यातली. श्रीनिवासपूरचे आंबे, कोलारचे टोमॅटो, थंडीतला दवात भिजलेला पावटा यांची रेलचेल असते. होसकोट्याच्या दम बिर्याणीसाठी रविवारी पहाटे बेंगळुरूहून गाड्या येतात. आणि इथले मुख्य अन्न नाचणी आहे, जी कोकणच्या वरकस जमिनीतही पिकते. भाकरीऐवजी शिजवलेल्या पिठाचा गोळा, ज्याला कन्नडमध्ये ‘मुद्दे’ म्हणतात, एवढाच फरक.

मोकळ्या जागेच्या बाबतीत समुद्राची बरोबरी पठार करू शकत नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा जुहूच्या वाळूत बसायला पैसे पडत नाहीत, आणि दाटीवाटीच्या शहरात गरिबाला क्षितिज दिसण्याची ती एकच जागा आहे. बेंगळुरूला लालबाग आणि कब्बन पार्क आहेत. होसकोट्याला तलाव आणि दीड-दोन तासांवर नंदी डोंगर. नव्या वसाहतींत मोकळी जागा कुंपणाच्या आत आहे. ये-जाही गैरसोयीची: गावातून रेल्वेमार्ग जात नाही, मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत येऊन थांबते, आणि मुंबईला उद्यान एक्सप्रेसने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. घराचा खर्च मात्र मुंबईच्या मानाने कितीतरी हलका.

उन्हाचा उपयोग करून घेण्यात पठार पुढे आहे. बेंगळुरू परिसरात घरांच्या गच्चीवर सौर बंब फार पूर्वीपासून दिसतात आणि नव्या घरांना ते बंधनकारकही झाले. सौरपट्टी जास्त तापली की तिची वीजनिर्मिती घटते. म्हणून भरपूर ऊन आणि थंड हवा हा पठाराचा मेळ तिला मानवतो. तुमकूर जिल्ह्यातला पावगडचा २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प याच कोरड्या पठारावर आहे. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ढग आणि वर्षभर मिठाचा थर, त्यामुळे तिथे पट्ट्यांची निगा अधिक ठेवावी लागते.

एकूण पाहता, म्हातारी माणसे, दमट हवेने त्रासलेले हृदयरोगी आणि ज्यांना एसीचे बिल परवडत नाही अशी कुटुंबे, यांना होसकोट्याची हवा मुंबईपेक्षा निश्चित मानवेल. धुळीचा दमा असणाऱ्यांना ती मानवेलच असे नाही. समुद्राचा वारा, मासळी आणि बारमाही नळ ज्यांना सोडवत नाहीत त्यांनी किनाऱ्यावरच राहावे, मात्र खाडीच्या भरावावरचे आणि नाल्याच्या पात्रातले घर टाळावे. होसकोट्यात घर घेणाऱ्याने सौदा करण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर मागून घ्याव्यात: इमारतीची बोअर किती फुटांची आहे, मागच्या एप्रिलमध्ये किती टँकर आले आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय चालू स्थितीत आहे का. यांपैकी एकाही प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर हवा कितीही थंड असली तरी ते घर घेऊ नये.